चार कौलं

पहाटे साडेपाचला येळ्ळूरच्या वाटेवर
माझ्या पाठीवर चार कौलं असतात.
खानापूरची, मंगळुरी साच्याची,
एकेक अडीच किलोचं,
लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली, वाजू नयेत म्हणून.
तरी राजहंसगडाचा चढ लागला की बोलतातच.
दूध घालायला निघालेला यल्लाप्पा
सायकलवरून एक पाय टेकवतो,
एल्लिगे, अक्का?
कुणाचं घर शाकारायला निघालैस?

सांगितलं तर हसेल.
उत्तरेला, तेरा हजार फुटांवर एक तळं आहे,
ते बघायला जातो मी.

आमच्याकडं बायका ‘जातो’च म्हणतात.
पुण्याहून नावं लिहून घेणाऱ्या मुलीनं
फोन ठेवता ठेवता फॉर्मात ‘पुरुष’ लिहून टाकलं.
मी दुरुस्त केलं नाही.
तंबू वेगळा मिळाला तर बरंच.

अठ्ठावीस वर्षं कौलं मोजली.
भट्टीतून निघालेलं कौल बोटाच्या पेरानं वाजवायचं:
खण्ण आलं तर थप्पीत,
भद्द आलं तर आत तडा आहे,
दिसो न दिसो.
कारखाना बंद पडला तेव्हा
राहिलेल्या पगाराच्या बदल्यात मालकानं कौलंच दिली.
माझ्या घराला स्लॅब.

परवा रात्री नेगींचा फोन.
या वर्षी बर्फ उठायलाच तयार नाही म्हणाले,
पाय मांडीपर्यंत आत जातो.
तळं आहे तिथंच, दिसेल असं मात्र नाही.
तारीख पुढं ढकलू? जूनअखेर फुलंही असतात.
म्हटलं, विचार करून सांगतो.

विचार करायला बेळगावला गेलो,
मासळी बाजारामागच्या बर्फाच्या कारखान्यात,
नवे बूट घालून.
किती किलो? दस्तगीरनं विचारलं.
न्यायचा नाही, उभं राहायचंय.
त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग बुटांकडं,
मग भुसा झाडून एक लादी आडवी केली.
बाहेर मे महिन्याचं ऊन, हमाल, बांगड्याच्या पेट्या,
आणि आत मी, पाठीला दहा किलो,
हात पसरून, दोरीवरच्या डोंबाऱ्यागत.
चढताना बुटाचं टोक मारायचं, उतरताना टाच,
नेगींनी शिकवलेलं.
लादीवर चढ कुठला, उतार कुठला!
पहिल्यांदा घसरलो तेव्हा दस्तगीरनं कोपर धरलं,
दुसऱ्यांदा धरलं नाही.

तळंच बघायचं तर राकसकोपला जा की,
बस आहे.
होय की, म्हटलं. बघितलंय.

तो बिडी शोधत राहिला.
मग काय वाटलं कुणास ठाऊक,
मिठाच्या पाण्यातला एक डबा अर्धा वर ओढून
त्यानं झाकण सारलं.
ही अजून तयार नाही, म्हणाला,
कडेनं धरते आधी, चारी बाजूंनी,
मधलं पाणी शेवटपर्यंत पाणीच राहतं,
घाई केली तर लादी पोकळ जाते.

मी वाकलो. पेरानं वाजवलं.
कडेला खण्ण.
मधे सरकलो, आणखी मधे,
आणि तिथं आवाज बदलला.
भद्द नव्हे. तडा नव्हे तो.
कुणीतरी आत बसलंय
आणि बाहेरच्याला ओ द्यावी की नाही
हे ठरवतंय, असा.
अठ्ठावीस वर्षांत हा आवाज थप्पीत आला नव्हता.
दस्तगीर म्हणाला, बोट चिकटेल हां.
चिकटलंच थोडं.

बसस्टँडवरून फोन लावला.
तारीख तीच ठेवा.
अहो, खरंच काही दिसणार नाही, सगळं पांढरं...
असू दे, म्हटलं. वाजवून बघतो.
काय बघतो? नेगी म्हणाले. आवाज तुटतोय.
मागं हुबळीची गाडी भरत होती,
कंडक्टर दोन भाषांत ओरडत होता,
पेर अजून बधिर.
वाजवून, मी पुन्हा म्हटलं,
मोठ्यानं,
तेवढ्यात पिशवीतली कौलं बाकाला लागली
आणि रांगेतल्या चार माणसांनी वळून बघितलं.